‘टाका’ या शब्दाबद्दल तक्रार

सोमवार, ३ जून

मा. प्राचार्य,
व्यवसाय प्रशिक्षण केंद्र, यांस
स. न. वि. वि.

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या केंद्राच्या प्रवेशखिडकीवर माझा अपमान झाला. वेळ मी आपल्याच भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. ते घड्याळ मागे पडतं, पण ती तक्रार वेगळ्या कागदावर करीन.

मी वेल्डिंगच्या वर्गाचा अर्ज मागितला. खिडकीला टेकून आपले वेल्डिंगचे मास्तर उभे होते. हातात स्टीलचा पेला, पेल्यात चहा. मान वर न करता ते म्हणाले, "आजी, शिवणवर्ग मागच्या इमारतीत. डावीकडून जा. पायऱ्या आहेत, बघून चाल."

मी म्हटलं, "शिवण मला येतं. वेल्डिंग येत नाही, म्हणून ते शिकायला आले."

"अगं आजी, ठिणग्या उडतात तिथं!"

अगं! पहिल्या भेटीत! मी टेलिफोन एक्स्चेंजमधून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. माझ्या कानात मंत्र्यापासून म्हशीवाल्यापर्यंत सगळे ओरडले, पण ‘अगं’ म्हणायची छाती कोणाची झाली नाही. शिवाय मी आपल्या मास्तरांची आजी नाही. त्यांच्या खऱ्या आजींबद्दल मला सहानुभूती आहे.

मला वेल्डिंग का शिकायचंय हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही, तेव्हा विचारल्याशिवायच सांगते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. जिना बाहेरून आणि लोखंडी. त्याचा कठडा हलायला लागला म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. त्याने डाळीएवढे तीन ठिपके लावले, वर चंदेरी रंग फासला आणि गेला. महिन्याभरात तो कठडा आमच्या ह्यांच्या हातात आला. हे दोन पायऱ्या घसरले. हाड मोडलं नाही, धीर मोडला. जन्मभर पायी टपाल वाटलेला हा माणूस तेव्हापासून खाली उतरलेला नाही. घरातल्या घरात खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारतो आणि रस्त्यावरच्या नव्या पोस्टमनच्या चुका काढतो.

दुसरा वेल्डर आणते म्हटलं तर हे म्हणाले, "वेल्डरांवर माझा विश्वास उडाला. आता उतरेन तर तू स्वतः जोडलेल्या कठड्याला धरून." टोमणा होता तो. आता आपली सुटका झाली असं त्यांना वाटलं. मी मात्र तो करार समजते.

तरी मला वर्गात प्रवेश मिळावा आणि मास्तरांना बोलण्याची रीत शिकवावी. लेखी उत्तर सोमवारच्या आत यावं. तोंडी निरोप चालणार नाही. तोंडी निरोपांचं काय होतं ते मी नोकरीभर ऐकलं आहे.

आपली,
तक्रारदार

*

शुक्रवार, ७ जून

महोदया,

आपले दि. ३ चे पत्र मिळाले. वेल्डिंगच्या अल्पमुदतीच्या वर्गास वयाची वरची मर्यादा नाही, हे आपल्या पत्रामुळे नियम पुन्हा वाचल्यावर या कार्यालयाच्याही लक्षात आले. आपणास प्रवेश देण्यात येत आहे. वर्ग सोमवारपासून, रोज सकाळी.

संबंधित मास्तरांना समज दिली आहे. ते यापुढे आपल्याशी आदरार्थी बोलतील. चामड्याचे हातमोजे लहान मापात शिल्लक नाहीत, याबद्दल दिलगीर आहोत.

घड्याळ पुढे केले आहे.

प्राचार्य

*

मंगळवार, ११ जून

वेल्डिंग मास्तर यांस,

दोन दिवस मी आपल्या वर्गात बसले. काही गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या.

पहिली. आपण मला ‘अहो’ म्हणता, पण म्हणताना दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करता. तोंडातून ‘अहो’ निघालं की कपाळातूनही निघायला हवं. सवय करा. आजी, मावशी, काकू, बाई यांतलं काहीही नको. वर्गातल्या पोरांनी माझं नाव ‘ऑपरेटर’ ठेवलं आहे, ते मला मान्य आहे. आपण ‘ऑपरेटर, असं करा’ म्हणावं.

दुसरी. काल माझा रॉड पत्र्याला चिकटला तेव्हा पोरं हसली आणि आपण हसणाऱ्यांना गप्प केलं नाही. मग त्यांतल्या चौघांचे चिकटले तेव्हा मी हसले, तर आपण माझ्याकडे बघितलंत. हा कुठला न्याय?

तिसरी. तो डोक्यावर घालायचा मुखवटा. काच काळी असणार, हे मला समजतं. पण ठिणगी पडेपर्यंत आंधळं आणि पडल्यावर उजेडच उजेड, मधे काही नाही. माणसाने काम कशाच्या भरवशावर सुरू करायचं, तेवढं सांगा. लेखी.

ऑपरेटर

*

शुक्रवार, १४ जून

ऑपरेटर यांना नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. रोज समोर उभ्या असता, तोंडाने विचारा की. पण प्राचार्यसाहेब म्हणाले लिहा, म्हणून लिहितो.

सुरुवात कानाच्या भरवशावर करायची. काच काळी असली तरी कान उघडे असतात. रॉड आणि पत्रा यांत अंतर बरोबर असलं की कढईत काहीतरी तळायला सोडल्यासारखा सारखा चुरचुर आवाज येतो. अंतर वाढलं की फडफड. कमी झालं की आवाज दबतो आणि रॉड चिकटतो. डोळ्यांना मागून कळतं, कानाला आधी. तुम्ही आयुष्यभर कानाची नोकरी केली म्हणता, मग घाबरता कशाला?

हसण्याबद्दल. पहिल्या दिवशी माझाही चिकटला होता. माझे मास्तर पण हसले होते.

आणि एक सांगतो, रागावू नका. तुमचा जिना मी एखाद्या रविवारी येऊन करून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्हाला एवढ्या उकाड्यात चामड्याचा ॲप्रन घालून उभं राहायची गरज नाही. तुमच्या मोज्यांत तर तुमचे दोन हात एकात मावतील.

मास्तर

*

गुरुवार, २० जून

मास्तर यांस,

रविवारी आपण आलात तर मी दार उघडणार नाही. करार माझ्याशी झाला आहे. आपण जोडलेल्या कठड्याला धरून हे उतरणार नाहीत. मुळात त्यांना उतरायचंच नाही, आणि आपण आलात की त्यांना आयतं कारण मिळेल. काल मला विचारत होते, "काय, किती पत्रे जाळलेस?" आवाजात थट्टा होती, पण दारातून जिन्याकडे बघताना हात भिंत चाचपत होता. तो मी पाहिला.

आता आवाजाबद्दल. आपलं म्हणणं खरं निघालं, हे लिहिताना मला आनंद होत नाही. लाइनवरची खरखर घालवण्यात माझी नोकरी गेली, आणि इथे खरखर आली की शाबासकी! दोन दिवस मी ती आली की घाबरून हात उचलत होते. काल डोळे मिटले. काळ्या काचेमागे ते तसेही मिटल्यासारखेच असतात. आणि एकदम लाइन लागली. त्या टोकापासून या टोकापर्यंत आवाज एकसारखा, मधे कट नाही. मुखवटा वर केला तर पत्र्यावर सरळ ओळ. आपण म्हणालात, "बरी आहे." मी ऐकलं. पोरांनीही ऐकलं. तो शब्द परत घेता येणार नाही.

मग मी पत्रा पालथा केला तेव्हा आपण "हे कोणी शिकवलं?" असं विचारलंत. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने. ती रुमालावरचं भरतकाम सुलट बाजूने कधी बघतच नसे. "पोरी, पुढून सगळेच गोड दिसतात, मागे गाठी किती ते दाखव," म्हणायची, आणि गाठ दिसली की पट्टी बसायची. माझ्या पत्र्यामागे धातू पोचला नव्हता. मला दिसलं ते. सिस्टर असती तर आपल्यासारखं ‘बरी आहे’ म्हणाली नसती.

आपली,
ऑपरेटर

ता. क. मोजे मी घरी आत अस्तर घालून बारीक केले. शिवणवर्गाला न जाता.

*

मंगळवार, ९ जुलै

ऑपरेटर यांना,

आज कार्यशाळेत जे झालं ते बरं झालं नाही. दोन पट्ट्या काटकोनात मी सांडशीने धरल्या होत्या. सरकायच्या आत पहिला टाका, म्हणजे जोड धरून ठेवणारा ठिपका, पडायला हवा होता. मी मोठ्याने सांगितलं. तुम्ही टाका दिला नाहीत, उलट रॉड धरायचा चालू होल्डर धाडकन टेबलावर फेकलात. त्या रॉडने माझ्या पेल्याला भोक पडलं. चहा माझ्या बुटात गेला. पोरं अजून हसतायत.

पेला गेला, जाऊ दे. तो माझ्या मास्तरांनी मला दिला होता, तरी जाऊ दे. पण चालू होल्डर फेकणं हा इथला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. तिथे कोणाचा हात असता तर? रागाच्या भरात केलंत असं मला वाटतं. सकाळी मी तुमच्या ओळीला ‘वाकडी’ म्हटलं होतं.

साहेबांनी ठरवलं आहे की लेखी खुलासा येईपर्यंत तुम्ही कार्यशाळेत यायचं नाही. खुलासा पटला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा महिनाअखेरीस आहे. मला वाईट वाटतं. तुमचा हात बसत आला होता.

मास्तर

*

मंगळवार, ९ जुलै, संध्याकाळ

मास्तर यांस,

रागाच्या भरात? मी रागावते तेव्हा कागद घेते, होल्डर नाही. आपल्याकडे आता एवढे पुरावे जमले आहेत, तरी हे कळू नये?

आज सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी काय घडलं ते क्रमाने लिहिते. माझा मुखवटा खाली. समोर मिट्ट काळोख. हातात चालू होल्डर. आणि आपण कानाशी ओरडलात, "ऑपरेटर, टाका! अहो टाका! टाका लवकर!"

मी टाकला.

आणखी काय करायला हवं होतं? आपला आवाज असा की मला वाटलं केबल पेटली, नाहीतर साप निघाला. वरिष्ठाने ‘टाका’ म्हटलं की का, कुठे, कशावर असं विचारत बसायचं नसतं. एक्स्चेंजमध्ये ‘प्लग काढा’ म्हटलं की आम्ही काढत असू, मग पलीकडे कोणाचं लग्न ठरत असो. माझ्यावर हुकूम मोडल्याचा आळ आहे. मी हुकूम पाळला, अक्षरशः!

‘फेका’ म्हटलं नव्हतं, असं आपण म्हणाल. मराठीत टाका म्हणजे काय? कचरा टाका. पत्र पेटीत टाका. हातातली वस्तू टाका. घरी विचारलं तर हे म्हणाले, "मी असतो तर मीही टाकला असता." आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याची ही चालू वर्षातली पहिली वेळ आहे.

पेल्याचं मला खरंच वाईट वाटलं. कुणी दिला होता हे माहीत असतं तर मी तो टाकण्याआधी बाजूला सरकवला असता. पण परीक्षेला मी बसणार. मागच्या आठवड्यात ह्यांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची नेऊन ठेवली आहे. म्हणतात, वारा येतो. वारा आधीही येत होता. आता मला वर्गाबाहेर काढलंत तर ती खुर्ची पुन्हा आत जाईल, आणि मग ती बाहेर काढायची ताकद माझ्यात उरणार नाही. हे वाक्य प्राचार्यांना दाखवू नये.

खुलासा संपला. उत्तर शुक्रवारच्या आत, लेखी.

ऑपरेटर

*

गुरुवार, ११ जुलै

ऑपरेटर यांना नमस्कार.

तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बायको आतून विचारायला आली, काय झालं म्हणून.

इतकी वर्षं शिकवतोय, असं कधी झालं नाही. का झालं नाही त्याचा काल रात्रभर विचार केला. पोरांना मी अरे-तुरे करतो. एखाद्याला हातातलं खाली टाक म्हणायचं तर ‘टाक’ म्हणतो. आणि जोडाचा पहिला ठिपका द्यायचा तर ‘टाका’ म्हणतो. दोन शब्द वेगळे पडतात, घोळ होतच नाही. तुम्हाला अहो-जाहो करायला लागलो आणि दोन्ही शब्द एक झाले. म्हणजे मी ‘अगं ऑपरेटर, टाका!’ म्हटलं असतं तर पेला वाचला असता.

ही चूक ना तुमची ना माझी. साहेबांनी समज दिली तिची आहे. मी तसं साहेबांना सांगितलं. त्यांनी तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं, मग म्हणाले, खुलासा मान्य.

पोरांनी सुचवलं की मी कार्यशाळेत तुम्हाला ‘तू’ म्हणावं, बाहेर ‘अहो’. मी एकटा असताना म्हणून बघितलं. जमत नाही. तुम्हीच सवय लावलीत, कपाळातून काढायला लावलंत, आता ते परत आत जात नाही. म्हणून टाका हा शब्दच बंद केला. कालपासून आमच्याकडे ‘ठिपका’ म्हणतात. ठिपका द्या, ठिपका दे. पोरं चुकून टाका म्हणाली की बाकीचे हातातलं सगळं खाली टाकतात आणि तुमच्या नावाने ओरडतात. फार उच्छाद मांडलाय. तुम्ही येऊन थांबवा.

पेल्यात मी कार्यालयातलं एक रोप लावलं. भोक खालच्या बाजूलाच पडलंय, पाणी बरोबर निचरतं. भोक बुजवायला तुम्ही पेला मागितला होता, असं पोरं सांगत होती. करू नका. पातळ पत्र्यावर आपला रॉड चालत नाही, एकाची चार भोकं होतील.

ते वाक्य साहेबांना दाखवलं नाही.

सोमवारी या. उभा जोड राहिलाय. खालून वर जायचं असतं, घाई केली की धातू ओघळतो.

मास्तर

*

बुधवार, ३१ जुलै

ऑपरेटर यांना नमस्कार.

निकाल फळ्यावर लागायचा आहे, पण तुम्ही उद्या सकाळी फळ्यासमोर येऊन वेळ लिहून घ्याल म्हणून आधीच कळवतो. पास. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुमचा पत्रा पालथा केला, मग पुन्हा सुलटा केला, मग विचारलं हा कोणाचा. मी म्हटलं, आमच्या ऑपरेटरांचा. ते म्हणाले, मशीन ऑपरेटर? मी म्हटलं, टेलिफोन. त्यांनी पत्रा पुन्हा पालथा केला.

आता ऐका. तुम्ही कठड्यासाठी कार्यशाळेतून गज कापून नेलेत ते मला माहीत आहे. जोडलात की मला बोलवा. मी लटकून बघेन. मी जाड आहे, मला धरला तर कोणालाही धरेल. मी बघेपर्यंत ‘ह्यांना’ उतरवू नका. एवढं ऐका माझं.

मास्तर

*

शनिवार, १० ऑगस्ट

मास्तर यांस,
स. न. वि. वि.

आपला सल्ला ऐकला नाही. पण ऐकायचा नाही असं ठरवलं नव्हतं, ते कसं झालं ते वाचा.

वेल्डिंगचं मशीन मी काल कोपऱ्यावरच्या त्याच वेल्डरकडून भाड्याने आणलं. "कोण जोडणार?" त्याने विचारलं. मी मुखवटा काखेत घेऊन उभी होते तरी विचारलं! मशीन पोचवायला आला तो जिन्याखालीच थांबला. मी त्याचे तीन ठिपके छिन्नीने तोडून काढले आणि त्याच्या हातावर ठेवले, घरी घेऊन जा म्हणून. मग प्रत्येक गज आधी ठिपक्याने धरला, ओळंब्याने सरळ केला, आणि पुरा जोड फिरवला. उभे जोड खालून वर. घाई केली नाही. एका ठिकाणी ओघळलं, ते तोडून पुन्हा केलं. हे वरच्या पायरीवर खुर्चीत बसून होते, आणि ठिणग्यांकडे बघायचं नाही असं तीनदा बजावल्यामुळे तोंड भिंतीकडे करून. आवाज तेवढा ऐकत होते. मधेच म्हणाले, "आता बरोबर येतोय." जन्मात वेल्डिंग न केलेला माणूस!

काम झाल्यावर मी त्या वेल्डरला म्हटलं, "आता लटक." तो बिचारा लटकला. मग वर्गातली आपली पोरं आली, ती सहाच्या सहा लटकली. कठडा हलला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन ओरडल्या, ही माकडं कोणाची म्हणून. तेव्हा लटकणं आपल्याशिवायच उरकलं. तरी आपल्यासाठी एक दिवस राखून ठेवला होता. आज सकाळी आपल्याला चिठ्ठी पाठवायची, आपण येऊन तपासायचं, मग बाकीचं, असं ठरलं होतं.

सकाळी मी चिठ्ठी लिहायला बसले. हे शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "टपालाने टाकणार? शनिवार आहे. सोमवारी पोचेल. हा नवा पोरगा तर मंगळवारी देईल." मी म्हटलं, "मग काय करू?" ते आत गेले, आणि जुनी खाकी पिशवी शोधायला लागले. कपाट उपसल्याचा आवाज मी ऐकत होते. कानाला आधी कळतं, असं आपणच लिहिलं होतंत. मी चिठ्ठी फाडली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

पिशवी सापडली. तिच्या पट्ट्याचा टाका उसवला होता, तो मी आत्ताच घातला. (हा टाका सुईचा. आपल्या नव्या नियमात बसत नसेल तर कळवावं.)

तेव्हा मास्तर, हे पत्र आपल्याला टपालाने मिळालेलं नाही. ज्याने आणलं त्याच्याकडे नीट बघा. धाप लागली असेल, पण बसा म्हटलं तर बसणार नाही. कामावर असताना तो कधी बसला नाही. पाणी द्या. त्याला जिन्यावर हात कुठे होता ते विचारू नका. पत्र पुरं व्हायच्या आत तो सराव म्हणून एकदा उतरून वर आला. तेव्हा प्रत्येक गजावर बोट फिरवत गेला आणि मधल्या पायरीवर थांबून मागे हात घालून जोडाची पालथी बाजू चाचपली, हे मी वरून पाहिलं. त्याला वाटतंय मी आत होते.

आता कामाचं. गॅस वेल्डिंगचा पुढचा वर्ग सप्टेंबरात सुरू होतो असं फळ्यावर वाचलं. खालच्या बाईंचं फाटक जोडायचं आहे, आणि आपल्या रोपाला आता मोठी कुंडी लागेल, तिला तिवई हवी. मला त्या वर्गात घेणार की नाही, आणि रविवारी आमच्याकडे चहाला येऊन कठड्याला लटकणार की नाही, या दोन्हींचं स्पष्ट, लेखी उत्तर हवं. पेला आणू नये. नवा आणून ठेवला आहे.

उत्तर पत्र आणणाऱ्याच्याच हातात द्यावं. तो केंद्राच्या फाटकाशी थांबेल, रिकाम्या हाताने परतणार नाही. उत्तर आज संध्याकाळी पाचच्या आत द्यावं. अंधार पडायच्या आत त्याला जिना चढायचा आहे.

आपली,
ऑपरेटर